ठसे भेंडीचे, हात मुलांचे

मैत्रिणींनो, भेंडी चिरताना देठाकडचा जो तुकडा आपण टाकून देतो ना, तो आता टाकू नका. कापलेली बाजू निरखून पाहा, पाच पाकळ्यांचं सुबक फूल दिसेल. बालवाडीतल्या ठसेकामाला याहून स्वस्त ठसा नाही!

गेल्या महिन्यात नातीच्या बालवाडीत ठसेकामाचा तास होता. मदतीला आयांना, आज्यांना बोलावलं होतं. मीही हौसेनं गेले. बाईंनी नमुना दाखवला : एक भेंडी, एक कांदा, पुन्हा भेंडी, पुन्हा कांदा. अगदी साडीच्या काठासारखा. माझ्यासमोरची चार वर्षांची पोर मात्र एकाच जागी भेंडी आपटत बसली. कागदावर नुसता लाल चिखल! मला राहवेना. तिचा हात धरून मी सरळ ओळ उमटवून दिली. दिसली हो छान, पण पोरीनं भेंडी खाली ठेवली ती ठेवलीच. “आता तूच कर,” म्हणाली.

अगदी चटका बसला मला. बाई हळूच म्हणाल्या, “आजी, आधी नुसतं उमटवू दे तिला. किती दाबलं की किती रंग उतरतो, हे हाताला कळलं की ओळ आपोआप लागते.” त्यांनी तिच्यापुढे नवा कागद ठेवला आणि त्या दुसरीकडे वळल्या. मीही हात मांडीवर ठेवून बसले. थोड्या वेळानं पाहते तर भेंडी, भेंडी, कांदा. भेंडी, भेंडी, कांदा! ओळ वाकडी, पण क्रम पक्का आणि तिचा स्वतःचा. गणिताची सुरुवात अशीच तर होते.

सुट्टीच्या दिवशी घरीही हे करून पाहा. देठाचा तुकडा बोटभर लांब ठेवा, म्हणजे मुलांना धरायला बरा. मोड आलेला बटाटा आडवा कापून त्यावर त्रिकोण किंवा चौकोन आखा आणि बाजूचा भाग पाव इंच खोल काढून टाका. सुरी मात्र आपल्याच हाती हवी. कापलेली बाजू फडक्यानं कोरडी करा, नाहीतर रंग फिसकटतो. ताटलीत जुन्या सुती कापडाची चौघडी ठेवून त्यावर घट्टसर रंग ओता. कागदाखाली वर्तमानपत्राची घडी घातलीत तर ठसा सारखा उमटतो. कुंकू किंवा रांगोळीचे रंग मात्र नकोत, मुलांची बोटं तोंडात जातात. मुलांसाठीचे पाण्याचे रंग आणा, नाहीतर हळद कालवा, बीट किसून पिळा. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कागद म्हणून झकास!

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू केली, तेव्हा महागड्या साधनांवाचून, अवतीभवतीच्या वस्तूंतूनच मुलांना शिकवलं. आपल्या भाजीच्या टोपलीत काय कमी आहे?

हो, आणि एक सांगायचं राहिलंच. कागद शाळेत भिंतीवर लागायचा असला की आपले हात शिवशिवतात. शेजारणीच्या मुलाचं चित्र नीटनेटकं, मग आपल्याच मुलाचं का असं? अशा वेळी सरळ उठावं आणि उरलेली भेंडी फोडणीला टाकावी. भाजीही होते आणि चित्र मुलाचंच राहतं!