सहा टिंबांचा एम

या आठवड्यात चिडलो तो एका जर्सीवरून. आमच्या मैदानावरच्या कट्ट्यातल्या एका मित्राची साठी होती. वर्गणी निघाली, कुणीतरी मोबाइलवरून क्रिकेटची निळी जर्सी मागवली, पाठीवर त्याचं नाव आणि ६० हा आकडा. ज्याला ती दिली तो माणूस जन्मभर कबड्डी खेळला. वीस वर्षं त्यानं डावा कोपरा सांभाळला, त्याच्या घोट्याच्या पकडीतून निसटलेला चढाईपटू मी क्वचितच पाहिला. त्यानं जर्सी अंगाला लावून फोटो काढू दिला, सगळ्यांना पेढे दिले आणि घडी करून ती पिशवीत ठेवली. मला ते बघवलं नाही. पैसे कमी पडले नव्हते. दहा मिनिटं बसून त्याचा विचार कुणी केला नव्हता.

घरी येऊन मी टेबलासमोरच्या भिंतीकडे बघत बसलो. तिथे काय टांगलं आहे हे इतक्या वर्षांत या सदरात कधी लिहिलं नाही.

बापू नाडकर्णींवरची माझी भक्ती जुन्या वाचकांना माहीत आहे. नाशिकचा हा डावखुरा फिरकी गोलंदाज. जानेवारी १९६४, मद्रास कसोटी, समोर इंग्लंड. ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, बळी एकही नाही. त्यातली २१ षटकं सलग निर्धाव, ओळीनं १३१ चेंडूंवर एक धाव नाही. त्याच मालिकेत कानपूरला त्यांनी नाबाद १२२ धावा काढून कसोटी वाचवली, ते मात्र लोक विसरतात.

नेटमध्ये बापू खेळपट्टीवर नाणं ठेवून त्यावर चेंडू टाकत, हे ऐकल्यापासून मीही चार आण्याचं नाणं ठेवून टाकायला लागलो. आमच्या ऑफिसच्या संघात मी डावखुरा फिरकी टाकायचो. आमचा स्कोअरर दुसऱ्या खात्यातला. स्वतः कधी खेळला नाही, पण प्रत्येक सामन्याला टोक काढलेल्या दोन पेन्सिली, खोडरबर आणि पट्टी घेऊन सगळ्यांच्या आधी तंबूत हजर. स्कोअरबुकात गोलंदाजाच्या प्रत्येक षटकाला एक चौकोन असतो. ज्या चेंडूवर धाव नाही, त्याला टिंब. सहाही टिंबं पडली की ती रेघेनं जोडून एम काढायचा, म्हणजे मेडन. घाईत बरेच जण कशीतरी रेघ ओढतात. याची रेघ प्रत्येक टिंबाच्या बरोबर मध्यातून जायची.

२०१८ साली मी निवृत्त झालो. ऑफिसातला निरोप समारंभ आटोपून घरी आलो, तर हा दारात उभा. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली चौकट. आत स्कोअरबुकाचं एक पान, आझाद मैदान, डिसेंबर १९८९. तो सामना आम्ही हरलो होतो. मला बळी नव्हता, त्यामुळे दुसऱ्या दिवशी चहाच्या टेबलावर माझं नावही निघालं नव्हतं. पानावर माझी ९ षटकं होती. त्यात ६ एम, आणि शेवटच्या रकान्यात धावा ५. खाली त्यानं ताज्या पेन्सिलीनं लिहिलं होतं: ‘मद्रास १९६४, ५ धावा. आझाद मैदान १९८९, ५ धावा.’

माझ्या धावा पाचच होत्या हे मलाही माहीत नव्हतं.

ऑफिस दुसऱ्या इमारतीत हललं तेव्हा कपाटातली सगळी स्कोअरबुकं रद्दीत निघाली होती. त्यानं ती लोकलनं, दोन खेपा करून घरी नेली आणि माळ्यावर ठेवली. मला कधी बोलला नाही.

“सातव्या षटकातला पाचवा आठवतो?” त्यानं विचारलं. आठवत होता. न वळता सरळ गेलेला चेंडू, फलंदाज मागच्या पायावर, आम्ही सगळे ओरडलो होतो. पंचांनी मान हलवली. त्यानं बोट ठेवलं तिथे मी चष्मा लावून पाहिलं. त्या पाचव्या टिंबावर पेन्सिलीची बारीक फुली होती, १९८९ चीच. “अरे, पायचीत होता तो. मला तिरकं दिसत होतं, तरी सांगतो, होता.”

ते अपील एकट्या मलाच आठवतं असं मी एकोणतीस वर्षं धरून चाललो होतो.

२०२० च्या जानेवारीत बापू गेले, त्या दिवशी तो पुन्हा घरी आला. त्या पानाखाली बसून आम्ही दोन-दोन कप चहा प्यायलो, फारसं बोललो नाही.

वाचकांना एक विनंती. तुमच्या ऑफिसात, क्लबात किंवा माळ्यावर जुनी स्कोअरबुकं पडली असतील, तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी पानं उलटून बघा. त्यातला एखादा गोलंदाज अजून तुमच्याच गल्लीत राहत असेल.