वाइनरीतील हवा आणि पुढच्या महासाथीची तयारी

पुढच्या महासाथीला भारताने कसे सामोरे जावे, याची चर्चा आता धोरणांच्या पातळीवर सुरू झाली आहे. नीती आयोगाच्या तज्ज्ञगटाने सप्टेंबर २०२४मध्ये आपला अहवाल प्रसिद्ध केला आणि उद्रेकानंतरचे पहिले १०० दिवस निर्णायक मानले. मे २०२५मध्ये जागतिक आरोग्य सभेने महासाथविषयक आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला. लशी, चाचण्या, प्रयोगशाळांचे जाळे, विषाणूंच्या जनुकीय बदलांवरील पाळत या विषयांना या चर्चेत रास्त स्थान आहे. मात्र २०२० आणि २०२१मध्ये सामान्य नागरिकाला रोज पडणारा प्रश्न याहून साधा होता. समोरच्या दारातून आत जावे की जाऊ नये? आत गेल्यास कोठे बसावे आणि किती वेळ? या प्रश्नाचे शास्त्रशुद्ध उत्तर देणारे नियम आजही पुरेसे तयार नाहीत. ही उणीव नेमकी कोठे आहे, हे पाहण्यासाठी वाइनरी हे एक उत्तम उदाहरण ठरते.

वाइनरी म्हणजे केवळ मद्य विकण्याचे ठिकाण नव्हे. नाशिकच्या गंगापूर धरणाचा परिसर असो, अकलूजची द्राक्षशेती असो वा बंगळूरूजवळच्या नंदी हिल्सचा पायथा असो, तेथे एकाच आवारात शेत, कारखाना, तळघर आणि अतिथिगृह एकत्र नांदतात. पाहुणा आधी बागेत फिरतो, मग पोलादी टाक्यांच्या दालनातून जातो, ओक लाकडाच्या पिंपांजवळ थांबतो आणि अखेरीस टेबलाभोवती बसून चार-पाच प्रकारच्या वाइन चाखतो. तासाभराच्या या फेरीत तो चार वेगवेगळ्या प्रकारची हवा श्वासावाटे घेतो. महासाथीच्या काळात त्याची सुरक्षितता प्रामुख्याने या फरकावर अवलंबून असते. नियमपुस्तिकेला मात्र हे सारे आवार एकच ‘आस्थापना’ म्हणून दिसते.

महाराष्ट्रात ५ ऑक्टोबर २०२०पासून उपाहारगृहे व मद्यगृहे ५० टक्के क्षमतेने उघडली. दारात तापमान मोजणारी बंदूक, हातांसाठी सॅनिटायझर आणि जमिनीवर अंतराच्या खुणा, असे दृश्य तेव्हा देशभर होते. यातील प्रत्येक उपायामागे काही ना काही विचार होता. परंतु ५० टक्के हा आकडा खिडक्या नसलेल्या वातानुकूलित खोलीला आणि तिन्ही बाजूंनी उघड्या असलेल्या पडवीला सारखाच लागू होत असे. ज्वर नसलेला बाधित तापमानाच्या चाचणीतून निर्वेध पुढे जाई. पृष्ठभाग पुसण्यावर अपार श्रम खर्च झाले. पुढे एप्रिल २०२१मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने दूषित पृष्ठभागाच्या एका स्पर्शातून संसर्ग होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी असल्याचे सांगितले.

हवेतून होणाऱ्या प्रसाराचे पुरावे याच्या कितीतरी आधी हाती आले होते. जानेवारी २०२०मध्ये चीनमधील ग्वांगझू येथील एका खिडकीविरहित उपाहारगृहात शेजारशेजारच्या तीन टेबलांवर बसलेल्या तीन कुटुंबांतील १० जण बाधित निघाले. त्या टेबलांवरची हवा एकाच वातानुकूलन यंत्राच्या झोतात फिरत होती. मार्च २०२०मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील एका गायनवृंदाच्या अडीच तासांच्या सरावाला ६१ जण जमले होते. त्यांपैकी ५३ जण निश्चित वा संभाव्य बाधित ठरले आणि दोघांचा मृत्यू झाला. त्या सरावात सॅनिटायझर ठेवलेले होते आणि हस्तांदोलन टाळलेले होते. तरीही त्याच महिन्यात जागतिक आरोग्य संघटना हा आजार हवेतून पसरत नाही असे सांगत होती. ही भूमिका पुरती बदलण्यास वर्षाहून अधिक काळ लागला. भारतात मे २०२१मध्ये, दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात, केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने स्पष्ट सूचना प्रसिद्ध केली: मोठे थेंब दोन मीटरच्या आत पडतात, पण सूक्ष्म तुषार हवेतून दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात, म्हणून खिडक्या उघडाव्यात, हवा खेळती ठेवावी, दूषित हवा बाहेर काढणारे पंखे लावावेत. सूचना अचूक होती. ती नियमांत उतरण्यास मात्र उशीर झाला.

आता हेच शास्त्र वाइनरीला लावून पाहावे. बागेतील हवा सतत बदलते आणि प्रखर सूर्यप्रकाश विषाणूला काही मिनिटांत निष्प्रभ करू शकतो. उपलब्ध अभ्यासांच्या २०२०मधील एका आढाव्यात नोंदलेल्या संसर्गांपैकी दहा टक्क्यांहून कमी संसर्ग उघड्यावर झालेले आढळले. हा धोका शून्य नाही, पण बंदिस्त जागेच्या तुलनेत खूपच कमी आहे. याउलट चाखणीची खोली धोक्याच्या बहुतेक अटी पूर्ण करते. तेथे मुखपट्टी काढावीच लागते, कारण वाइन चाखण्याआधी तिचा गंध घ्यायचा असतो. लोक दीर्घकाळ बसतात. मद्याबरोबर आवाज चढतो, आणि बोलण्याचा आवाज जितका मोठा तितके तोंडातून अधिक तुषार बाहेर पडतात, हे महासाथीपूर्वीच, २०१९मध्ये प्रयोगाने दाखवले गेले होते. व्यावसायिक चाखणीत वाइन थुंकण्यासाठी ठेवलेले सामाईक भांडे ही आणखी एक अडचण. प्रत्येकाला कागदाचा स्वतंत्र पेला दिल्यास ती सहज सुटते.

येथे एक लोकप्रिय गैरसमजही दूर करावयास हवा. वाइनमधील मद्यार्काने घशातील विषाणू मरतो, ही समजूत निराधार आहे. वाइनमध्ये मद्यार्काचे प्रमाण साधारण १२ ते १४ टक्के असते. हात निर्जंतुक करणाऱ्या द्रवात ते किमान ६० टक्के लागते. २०२०मध्ये देशातील आसवन्यांनी सॅनिटायझर तयार करून मोठी गरज भागवली, हे खरे. पण म्हणून पेल्यातील पेय औषध होत नाही.

तळघराची गोष्ट आणखी निराळी आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना विशेष उद्बोधक आहे. खोलीतील हवा किती शिळी झाली, हे ओळखण्यासाठी कार्बन डायऑक्साइड मोजण्याचे स्वस्त व सोपे साधन वापरता येते. बाहेरच्या हवेत या वायूचे प्रमाण दशलक्षांत सुमारे ४२० भाग असते, तर उच्छ्वासात सुमारे ४० हजार. खोलीत ८०० भाग दिसले, तर तेथील हवेपैकी सुमारे एक टक्का हवा कोणाच्या तरी फुप्फुसातून जाऊन आलेली आहे, असा साधा हिशोब मांडता येतो. पण किण्वनाच्या दालनात हा हिशोब कोलमडतो. लिटरभर द्राक्षरसात सुमारे २०० ग्रॅम साखर असते. तिचे मद्यार्कात रूपांतर होताना ५० लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. मग मापकावरील आकडा माणसांच्या श्वासाचा की टाकीतील यीस्टचा, हे सांगता येत नाही. शिवाय हा वायू हवेपेक्षा दीडपट जड असल्याने खोलगट जागी साचतो आणि संसर्ग नसतानाही जिवावर बेतू शकतो. म्हणजे जे साधन चाखणीच्या खोलीत मार्गदर्शक ठरते, तेच किण्वनाच्या दालनात संसर्गाच्या धोक्याविषयी काहीच सांगत नाही. तेथे त्याचा उपयोग गुदमरण्याचा इशारा देण्यापुरता. एकाच आवाराला एकच नियम का पुरत नाही, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

कॅलिफोर्नियाने हा फरक नियमांत आणून दाखवला. जुलै २०२०मध्ये तेथे वाइनरींमधील बंदिस्त चाखणी थांबवण्यात आली, पण उघड्यावरची चालू राहू दिली. ऑगस्टअखेर जाहीर झालेल्या चार रंगांच्या श्रेणीत संसर्गाच्या वरच्या दोन पातळ्यांवर वाइनरींना फक्त मोकळ्या जागेत सेवा देता येई. तिसऱ्या पातळीवर आत २५ टक्के किंवा १०० माणसे, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. ही व्यवस्थाही निर्दोष नव्हती. सप्टेंबरअखेर नापा खोऱ्यात वणवे पेटले आणि जी मोकळी हवा सुरक्षित मानली होती तीच धुराने भरली. उत्तर भारतातील हिवाळी धुरके अनुभवणाऱ्यांना या पेचाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. धडा इतकाच की नियम हवेच्या प्रत्यक्ष स्थितीशी बांधलेला असावा; ‘आत’ आणि ‘बाहेर’ हे शब्द तिचे केवळ पहिले अनुमान आहेत.

भारतात हा धडा अमलात आणण्यास निसर्ग अनुकूल आहे. युरोपात व कॅलिफोर्नियात द्राक्षतोडणी मुख्यतः ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये होते. महाराष्ट्रात ती साधारण जानेवारी ते मार्चमध्ये, कोरड्या आणि आल्हाददायक हवेत होते. पाहुण्यांची गर्दीही याच हंगामात असते. योगायोग असा की मार्च २०२०ची टाळेबंदी, २०२१च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये वाढू लागलेली दुसरी लाट आणि जानेवारी २०२२मधील ओमायक्रॉनची लाट या तिन्ही घटना याच महिन्यांत आल्या. टेबले मांडवाखाली आणणे या दिवसांत अवघड नव्हते. अडचण कायद्याची आहे. मद्यसेवेचा परवाना ठरावीक जागेसाठी असतो; त्या रेषेबाहेर टेबल नेण्यासाठी वेगळी परवानगी लागते. महासाथ जाहीर होताच आवारातील मोकळी जागा परवान्याच्या कक्षेत आपोआप यावी, अशी तरतूद शांततेच्या काळात लिहून ठेवण्यास राज्यांना खर्च जवळजवळ नाही. पहिल्या १०० दिवसांची तयारी म्हणतात ती अशाच लहान कलमांतून घडते.

या साऱ्यात सर्वांत अधिक पणाला लागते ते टेबलापलीकडे उभ्या असलेल्या माणसाचे आरोग्य. पाहुणा तासाभराने निघून जातो. वाइन ओतणारा कर्मचारी दिवसभर एकामागून एक येणाऱ्या गटांच्या उच्छ्वासात उभा राहतो. पाहुण्यांनी मुखपट्टी काढलेली असते, त्याला ती काढता येत नाही, आणि साध्या कापडी पट्टीने त्याचे पुरेसे रक्षण होत नाही. त्याचे घ्राणेंद्रिय हीच त्याची उपजीविका असेल, तर कोविडमुळे जाणारा गंध ही त्याच्यासाठी किरकोळ तक्रार उरत नाही. फ्रान्समधील वाइनतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१मध्ये याच कारणास्तव आपल्या सदस्यांना लसीकरणात प्राधान्य मागितले होते. म्हणून वाइनरीची सुरक्षितता पाहुण्याच्या बाजूने मोजण्याऐवजी कर्मचाऱ्याच्या बाजूने मोजावी. त्याला पाझर न होणारा दर्जेदार मास्क, खेळती हवा, मर्यादित पाळ्या आणि आजारपणाची भरपगारी रजा मिळत असेल, तर पाहुणाही बहुधा सुरक्षित असेल.

पाहुण्याचीही कर्तव्ये आहेत. लक्षणे असताना प्रवासाचा बेत रद्द करणे हे त्यांतले पहिले. दुसरे कर्तव्य सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. मुंबईहून नाशिक सुमारे १७० किलोमीटर, म्हणजे साधारण चार तास. वेगवेगळ्या घरांतील पाच मित्र काचा बंद करून एका मोटारीत निघाले, तर बागेत पोहोचण्यापूर्वीच त्यांनी दिवसातील सर्वाधिक धोका पत्करलेला असतो. काचा थोड्या उघड्या ठेवणे आणि मुखपट्टी लावणे, हे दारातील सॅनिटायझरपेक्षा अधिक मोलाचे आहे.

देशाचे प्राण कंठाशी आले असताना वाइन चाखण्याची चर्चा कशाला, असा आक्षेप येथे घेतला जाईल आणि तो अस्थानी नाही. एप्रिल-मे २०२१सारख्या काळात प्राणवायूसाठी रांगा लागल्या असताना सहली थांबवणे हेच योग्य उत्तर आहे. परंतु महासाथ वर्षानुवर्षे चालते आणि प्रत्येक आठवडा सारखा नसतो. तोडणी करणारे मजूर, टाक्या धुणारे कामगार, चालक आणि सेवक यांच्या रोजीरोटीचा विचार ‘सर्व बंद’ आणि ‘सर्व निम्मे’ या दोनच कप्प्यांत बसवणे हे विज्ञानाला शोभणारे नाही. मुखपट्टी काढल्याविना जेथे काम भागत नाही, तेथील नियम नीट लिहिता आले, तर तेच तर्कशास्त्र उपाहारगृहांना, मंगल कार्यालयांना, शाळांच्या भोजनगृहांना आणि शिकवणी वर्गांना लावता येईल.

जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०२४मध्ये हवेतून पसरणाऱ्या रोगकणांची परिभाषा नव्याने मांडली. २०२३मध्ये अमेरिकेतील वायुवीजन अभियंत्यांच्या संस्थेने संसर्गाच्या काळात प्रतिव्यक्ती किती स्वच्छ हवा हवी, याचे मानक प्रसिद्ध केले. शास्त्राने आपले काम बऱ्याच अंशी केले आहे. आता भारतीय नियमांत टक्केवारीच्या जागी हवेचे माप यावे: कोणत्या जागेत, किती माणसे, किती वेळ आणि किती ताजी हवा. द्राक्षाच्या वेलाला हवा खेळती लागते, दाटी झाली की बुरशी धरते, हे प्रत्येक बागाईतदार जाणतो आणि म्हणूनच तो पाने विरळ करतो. बागेत जे शहाणपण पिढ्यान्‌पिढ्या पाळले जाते, ते बागेशेजारच्या खोलीतही पाळले जावे, एवढीच ही मागणी आहे.