वैमानिकाच्या उमेदवारीची किंमत

खारदांड्याच्या किनाऱ्यावर, बोंबील वाळत घातलेल्या वलांड्यांशेजारी उभे राहून उत्तरेकडे पाहिले, तर सांताक्रूझच्या धावपट्टीवरून उडालेली विमाने जुहूच्या वाळूवरून समुद्राकडे झेपावताना दिसतात. दांड्याच्या मुलांना त्या विमानांचे आवाज लहानपणापासून ओळखीचे असतात. परंतु त्या विमानाच्या चालककक्षात बसण्याची वाट त्यांच्या दारावरून जाते काय, असा प्रश्न विचारला तर प्रामाणिक उत्तर नकाराचेच द्यावे लागते. हा नकार बुद्धीमुळे किंवा धैर्याच्या अभावामुळे आलेला नसून निव्वळ पैशाच्या हिशेबातून आलेला आहे.

या किनाऱ्याचा आणि भारतीय विमानविद्येचा संबंध जुना आहे. जुहूचा विमानतळ १९२८ सालचा. तेथून अवघ्या काही वर्षांत, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन पुस मॉथ जातीच्या छोट्या विमानाने याच जुहूला उतरले. त्यापूर्वी १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला होता. त्या काळी विमान चालविणे हा श्रीमंतांच्या मुलांचा छंद होता, आणि टाटांनी त्या छंदाचा उद्योग केला, हे त्यांचे मोठेपण. पुढे १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले. सरकारी विमान कंपन्यांच्या कारभाराविषयी तक्रारी पुष्कळ होत्या, आणि त्यांतल्या बऱ्याचशा खऱ्याही होत्या. परंतु एक गोष्ट त्यांच्या खात्यावर जमा धरलीच पाहिजे. इंडियन एअरलाइन्सचे स्वतःचे प्रशिक्षण केंद्र हैदराबादला होते, आणि निवडलेल्या उमेदवाराला आपले विमान चालवायला शिकविणे हे आपलेच काम आहे, असे ती कंपनी मानीत असे. १९८० च्या दशकात फुरसतगंज येथे इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी निघाली तीही याच विचारातून. नोकरदाराच्या घरातला मुलगा वैमानिक होऊ शकतो, ही कल्पना त्या पिढीत रुजली.

आज नव्वद वर्षांनंतर आपण पुन्हा श्रीमंतांच्या छंदाकडे वळलो आहोत. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळविण्यासाठी दोनशे तासांचे उड्डाण, हवामानशास्त्र, मार्गनिर्देशन, हवाई नियम व विमानाची तांत्रिक माहिती यांच्या परीक्षा, रेडिओ संभाषणाचे प्रमाणपत्र आणि कठोर वैद्यकीय तपासणी हे सर्व पार पाडावे लागते. एवढे करून हाती येतो तो परवाना लहान विमानाचा. प्रवासी कंपनीचे एअरबस किंवा बोईंग हाताळण्यासाठी त्या विशिष्ट विमानाचे निराळे प्रशिक्षण, ज्याला टाइप रेटिंग म्हणतात, घ्यावे लागते, आणि त्याचाही खर्च बहुधा उमेदवारच सोसतो. कंपन्यांच्या स्वतःच्या कॅडेट योजनांत प्रवेश घेतला तर सगळा आकडा एक कोटी रुपयांच्या पलीकडे जातो. बँकेत कारकुनी करणाऱ्या बापाने आयुष्यभर जमविलेले घरच तारण ठेवले नाही, तर ही रक्कम येणार कोठून?

जरा साधे गणित मांडून पाहावे. एक कोटीचे कर्ज, व्याज अकरा टक्के, मुदत पंधरा वर्षे. दरमहा हप्ता येतो सुमारे १ लाख १३ हजार रुपये, आणि अखेरीस परतफेड होते दोन कोटींहून अधिक. नव्या सहवैमानिकाचे प्रारंभीचे वेतन या हप्त्याशी ताडून पाहिले म्हणजे ‘लाखांत पगार’ या शब्दांचा दिमाख बराच उतरतो. शिवाय हप्ता परवाना मिळताच मागे लागतो. नोकरी मात्र केव्हा मिळेल याचा भरवसा नसतो. २०२३ मध्ये देशात १,६२२ व्यावसायिक परवाने दिले गेले. त्याच वर्षी एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदविली. हे आकडे शेजारी शेजारी ठेवून शिकवणी वर्गांच्या जाहिराती छापल्या जातात. मागणी नोंदविलेले विमान कारखान्यातून यायला कित्येक वर्षे लागतात, ही गोष्ट जाहिरातीत नसते.

यावर शिक्षक वाचक म्हणतील, आमच्या शाळेत वर्षानुवर्षे तुटपुंज्या मानधनावर राबणारे तरुण आहेत. वैमानिकांसाठी अश्रू कशाला गाळावेत? आक्षेप रास्त आहे, आणि कप्तानपदी पोहोचलेल्या वैमानिकासाठी कोणी अश्रू गाळू नयेत हेच खरे. परंतु प्रश्न शिखरावरच्या वेतनाचा नसून पहिल्या पायरीचा आहे. शिवाय मानधनावरचा शिक्षक आणि कर्जबाजारी सहवैमानिक यांचे दुखणे मुळात एकच आहे: शिकाऊ माणसाची गरज ओळखून मालकाने आपला खर्च त्याच्या माथी मारणे. दांड्याच्या मचव्यावर नवा पोरगा चढतो तेव्हा त्याच्या वाट्याला थोडेच येते. पण जाळे ओढायला शिकविण्याचे पैसे तांडेल त्याच्याकडून मागत नाही.

ही पहिली पायरी किती निसरडी आहे, हे एप्रिल २०२४ मध्ये दिसले. एअर इंडियात विलीन होऊ घातलेल्या विस्तारा कंपनीने नवा वेतनकरार पुढे केला. पूर्वी सत्तर तासांच्या उड्डाणाचे वेतन हमीने मिळत असे. नव्या करारात ही हमी चाळीस तासांवर आली. सर्वांत मोठा फटका सहवैमानिकांना बसला. वैमानिक मोठ्या संख्येने रजेवर गेले, शंभराहून अधिक उड्डाणे रद्द झाली, आणि पुढे कंपनीला रोजच्या उड्डाणांतच कपात करावी लागली. ज्याच्या डोक्यावर हप्ता आहे, त्याला तीस तासांची हमी गेली म्हणजे काय गेले, हे कारकुनाला समजावून सांगण्याची गरज नाही.

त्यानंतरचा धडा डिसेंबर २०२५ चा. वैमानिकांच्या थकव्याची दखल घेऊन महासंचालनालयाने नियम बदलले: आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली, रात्रीच्या वेळी उतरण्याची मर्यादा सहावरून दोनवर आणली. नियम जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले होते. त्यांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाला. तयारीला अवधी असूनही देशातील सर्वांत मोठ्या कंपनीकडे पुरेसे वैमानिक निघाले नाहीत. हजारो उड्डाणे रद्द झाली, आणि विमानतळांवर लोक आपल्या सामानावर डोके टेकून झोपले. वैमानिकांच्या संघटनेने भरती रोखून धरल्याचा दोष कंपनीला दिला. अखेर काय झाले? त्या कंपनीला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत नियमांतून सवलत देण्यात आली. एकीकडे परवाना हातात घेऊन घरी बसलेले तरुण, आणि दुसरीकडे माणसे नाहीत म्हणून थकव्याचा नियम सैल करणारे सरकार, असे हे चित्र आहे.

थकवा आणि वेतन यांचा संबंध कल्पनेतला नाही. १२ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन एअरचे विमान कोसळून पन्नास माणसे दगावली. अपघाताचे मुख्य कारण कप्तानाची चुकीची प्रतिक्रिया हे ठरले. परंतु चौकशीत सहवैमानिकेचे तुटपुंजे वेतनही चव्हाट्यावर आले. कामाच्या गावी राहणे परवडत नसल्याने ती सिएटलहून रात्रभर प्रवास करून कामावर पोहोचली होती. अमेरिकेने त्यानंतर उड्डाणाच्या तासांची अट वाढविली. परंतु तेथील छोट्या कंपन्यांनी प्रारंभीचे वेतन लक्षणीय वाढविले ते माणसे मिळेनाशी झाल्यावर, २०२२ च्या सुमारास.

आपल्याकडे तेवढी वाट पाहण्याचे कारण नाही. टाइप रेटिंगचा खर्च ज्या कंपनीच्या विमानासाठी तो होतो तिनेच उचलावा, फार तर वाजवी मुदतीच्या करारात उमेदवाराला बांधून घ्यावे. निवड झाल्यापासून पहिले उड्डाण होईपर्यंत निर्वाहापुरते वेतन सक्तीचे करावे. सहवैमानिकाच्या हमीच्या तासांना कायदेशीर किमान मर्यादा असावी. सरकारने खाजगी वेतनात हात घालू नये, असे कंपन्या म्हणतील. परंतु वैमानिकांनी एकाएकी नोकरी सोडू नये म्हणून सहवैमानिकाला सहा महिने आणि कप्तानाला एक वर्ष आधी सूचना देण्याचे बंधन २०१७ मध्ये महासंचालनालयानेच घातले, आणि त्या वेळी हा हस्तक्षेप कंपन्यांना मुळीच खटकला नव्हता. ज्या लेखणीने तो नियम लिहिला गेला, तिनेच हमीच्या तासांचाही नियम लिहिता येईल.