पाटी हिरवी, अंगण कोरडे

आपल्या शाळांतून जितकी झाडे लावली असे कागदोपत्री लिहिलेले आहे, तितकी खरोखर वाढली असती, तर या दिवाळीत पणत्या मांडायला अंगणात जागा उरली नसती. सगळीकडे बुंधेच बुंधे दिसले असते. 1950 साली कन्हैयालाल मुन्शींनी वनमहोत्सव सुरू केला, तेव्हापासून आपली पोरे खड्डे खणीत आहेत. 2001-02 साली ‘राष्ट्रीय हरित सेना’ निघाली आणि शाळाशाळांतून पर्यावरण मंडळे उभी राहिली. दरवाजावर हिरवी पाटी लागली. पाटी अजून आहे. अंगण मात्र तसेच कोरडे आहे.

मी चित्रकलेचा मास्तर. नावापुढे पदवी नाही. पण या मंडळांचा निम्मा कारभार माझ्या टेबलावरून जातो, म्हणून बोलण्याचा अधिकार सांगतो. मंडळाचे काम म्हणजे काय, असे कोणत्याही शाळेत विचारा. भित्तिचित्रांची स्पर्धा, घोषवाक्यांची स्पर्धा, प्रभातफेरी आणि वृक्षारोपण, असे उत्तर येईल. भित्तिचित्रात पृथ्वी रडत असते आणि दोन हात तिला उचलून धरीत असतात. पन्नास पोरे पन्नास कागदांवर तीच पृथ्वी रडवतात. आणि प्रदर्शनातला जंगलाचा देखावा? तो थर्मोकोलचा! याच थर्मोकोलच्या ताटल्यांवर आणि सजावटीवर महाराष्ट्र सरकारने 2018 साली बंदी घातली, हे त्या पोराला कोणी सांगत नाही. त्याला पहिला नंबर मिळतो.

तिथीचेच पाहा ना. जागतिक पर्यावरण दिन 5 जूनला. त्या दिवशी आपल्याकडच्या बहुतेक शाळांना उन्हाळ्याची सुटी असते. म्हणून ओळखीची चार पोरे बोलावायची, पाहुण्यांच्या हाती झारी द्यायची, फोटो काढायचा आणि तो वर पाठवायचा. पाऊस अजून यायचाच असतो. रोप आठ दिवसांत माना टाकते, आणि पुढल्या वर्षी तोच खड्डा पुन्हा कामाला येतो. मी तर म्हणतो, शाळेने वृक्षारोपणाचा फोटो पाठवूच नये. तीन वर्षांनी झाडाचा फोटो पाठवावा.

बरे, लावतात ते तरी काय? शोभेला गुलमोहर, तो मूळचा मादागास्करचा. नाहीतर गिरिपुष्प, ते मध्य अमेरिकेकडचे. ही झाडे पापी आहेत असे नव्हे. पण आपल्या गावचा करंज, उंबर, आपटा कोणता हे पोराला ओळखता येऊ नये, दसऱ्याला आपट्याच्या नावावर कांचनाची पाने विकली जावीत आणि मंडळाच्या प्रमुख विद्यार्थ्यालाही ती खपावीत, हे कसले पर्यावरणाचे शिक्षण? याहून वाईट म्हणजे उघडा माळ दिसला की तो ‘ओसाड’, तिथे झाडे हवीतच, ही समजूत. सोलापूरजवळच्या नान्नजला 1979 साली माळढोकासाठी अभयारण्य झाले. तो पक्षी दाट झाडीत राहत नाही; त्याला मोकळे गवत लागते. चंडोल, खोकड, काळवीट यांचेही घर माळावरच. गवत उपटून तिथे रोपे लावणारी पोरे कोणाचे तरी घर मोडीत असतात, आणि वर आपण टाळ्या वाजवतो!

आता सणाचा विषय. दिवाळीच्या सुटीआधी मंडळ फटाके न उडवण्याची शपथ देते. शपथ चांगली आहे. पण ती फक्त पोरांनीच का घ्यावी? शाळेमागच्या नाल्यात सांडपाणी सोडणाऱ्याला कोणी शपथ देत नाही. मैदानाच्या कोपऱ्यात कचरा पेटवला जातो, त्याचा धूर वर्गात येतो, त्याबद्दल कोणी हात पुढे करायला सांगत नाही. दुबळ्याकडून वचन घ्यावे आणि जबरदस्ताला हार घालावा, हा धडा पोरे न शिकवता शिकतात. शपथेपेक्षा तोच पक्का बसतो.

कोणी म्हणेल, ‘मास्तर, पोरे लहान आहेत. निदान त्यांना झाडांची गोडी तरी लागते.’ गोडी लागते हे खरे. पण गोडी लावून डोळे बांधायचे, हे कुठले शहाणपण? कोणी म्हणेल, पैसा नाही. पैसा लागतोच कशाला? शाळेचा गळका नळ घ्या. त्याखाली बाटली ठेवा. सेकंदाला एक थेंब पडतो आणि वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो असे धरा. दिवसाला चार लिटरांहून अधिक, वर्षाला दीड हजार लिटरांहून अधिक पाणी गेले. हे गणित सातवीच्या पोराला येते. ते फळ्यावर लिहा आणि खाली पोरांच्या सह्यांनिशी मुख्याध्यापकांना अर्ज द्या. नळ दुरुस्त झाला की नगरपालिकेला नाल्याबद्दल पत्र लिहा. उत्तर आले नाही, तर दुसरे लिहा. पर्यावरण मंडळ म्हणजे हे. बाकीची सगळी मिरवणूक.

पत्राने काय होते, असे विचारू नका. मुंबईत आरे वसाहतीत ऑक्टोबर 2019 मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी झाडे तोडायला सुरुवात झाली, तेव्हा कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना एक पत्र लिहिले. तेवढ्यावर सर्वोच्च न्यायालयाने सुटीत खास पीठ बसवले आणि 7 ऑक्टोबरला तोड थांबवायला सांगितले. तोवर दोन हजारांहून अधिक झाडे आडवी झाली होती, ही गोष्ट वेगळी. पत्र उशिरा गेले, म्हणून पत्र लिहायला लवकर शिकवले पाहिजे. पर्यावरण हा विषय शिकवलाच पाहिजे, असे याच न्यायालयाने 22 नोव्हेंबर 1991 रोजी सांगितले होते. आपण विषय घेतला, गुण दिले आणि विचारण्याची सवय तेवढी वगळली.

खरी भीती तिथेच आहे. मोजणारे पोर प्रश्न विचारते. प्रश्न विचारणारे पोर शाळेलाही नको असते, गावालाही, आणि खरे सांगायचे तर घरालाही. आज ते नळ मोजील, उद्या वडिलांच्या कारखान्याचे सांडपाणी कुठे जाते ते विचारील. म्हणून आपण त्याच्या हाती झारी देतो आणि फोटोसाठी हसायला सांगतो.

वाचकहो, या सुटीत तुमचे पोर घरी आहे. फराळाचे ताट पुढे ठेवून त्याला एवढेच विचारा : तुझ्या मंडळाने गेल्या वर्षी लावलेल्या झाडांपैकी किती जिवंत आहेत? त्याला आकडा सांगता आला, तर त्याच्या मास्तरांना नमस्कार कळवा. सांगता आला नाही, तर शाळा उघडल्यावर तोच प्रश्न घेऊन तुम्ही स्वतः शाळेत जा. पोराला बरोबर न्या. मोठ्या माणसाने नम्रपणे, पण न हटता प्रश्न कसा विचारावा, हे त्याला तुमच्याकडूनच शिकायचे आहे.