धूर कुणाचा, दम कुणाला?

'सायकल चालवा, प्रकृती राखा' हा सल्ला डॉक्टर मंडळी वर्षानुवर्षे देत आली आहेत, आणि तो योग्यच आहे. मधुमेह, रक्तदाब, वाढते वजन या साऱ्यांवर सायकलइतका स्वस्त उपाय नाही. परंतु शनिवारी सकाळी अलिबागहून काशीद-मुरुडकडे निघालेल्या मोटारींची रांग रेवदंड्यात शिरते, तेव्हा कडेने सायकल दामटणाऱ्याच्या मनात शंका येते, ती रास्त आहे. हा व्यायाम होतो आहे, की छातीत धूर भरतो आहे?

उत्तर असे की, दोन्ही होते. शांत बसलेला माणूस मिनिटाला साधारण ६ ते ८ लिटर हवा आत घेतो. सायकल चालवताना हे प्रमाण ३०-४० लिटरवर जाते, पुलाच्या चढावर त्याहूनही अधिक. शिवाय दम लागला की आपण तोंडाने श्वास घेतो आणि नाकाची नैसर्गिक गाळणी बाजूला राहते. धुरातील अडीच मायक्रॉनहून लहान कण आपल्या केसापेक्षा वीस-पंचवीस पट बारीक असतात. ते फुफ्फुसाच्या टोकापर्यंत पोहोचतात, काही थेट रक्तात उतरतात. त्यामुळे खोकला व दमा बळावतोच, पण हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोकाही वाढतो. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली जाहीर केले.

मग सायकल अडगळीत टाकावी काय? मुळीच नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली याचा हिशेब मांडला. घनमीटर हवेत असे कण २२ मायक्रोग्रॅम असतील, तर सायकलीचा फायदाच मोठा. कण १०० मायक्रोग्रॅम झाले, तर मात्र रोज दीड तासाच्या पुढे तोटा वरचढ ठरतो. म्हणजे तासाभरात बाजारहाट, शाळा किंवा कचेरी गाठणाऱ्याने घाबरण्याचे कारण नाही.

काळजी मात्र घ्यावी. हमरस्त्यापासून शे-दीडशे मीटर आत गेले की धूर बराच कमी होतो. तेव्हा चौल-रेवदंड्याच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जाणारा आतला रस्ता दोन मिनिटे लांबचा असला, तरी तोच धरावा. खोळंबलेल्या गाड्यांच्या मागे उभे राहू नये. धुराच्या नळीपासून दूर, पुढे किंवा बाजूला थांबावे. थंडीत सकाळी धूर जमिनीलगत साचतो, दुपारी खारे वारे सुटले की पांगतो. नाकावर बांधलेला रुमाल धूळ अडवतो, हे बारीक कण नव्हे. त्यासाठी चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मुखपट्टा लागतो, आणि तोही विषारी वायू अडवत नाही. दमेकऱ्यांनी श्वासातून घ्यायचे औषध खिशात ठेवावे.

पण सारी काळजी सायकलवाल्यानेच का घ्यावी? जो धूर करीत नाही, त्यानेच तो सर्वाधिक गिळावा, हा कुठला न्याय? पुणे एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. तेथे सायकली गेल्या, स्वयंचलित दुचाकी आल्या आणि त्यांच्याबरोबर धूरही. २०२० साली भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो बोट सुरू झाल्यापासून मुंबईच्या मोटारी खाडी ओलांडून थेट आपल्या तालुक्यात उतरतात. पाहुण्यांचे स्वागतच आहे. त्यांच्यावर अनेक घरांच्या चुली पेटतात. मात्र वाहन थांबले की इंजिन बंद करावे, एवढी अपेक्षा गैर नाही. ग्रामपंचायतीने व बांधकाम खात्याने रस्त्याची कडा सायकलींसाठी मोकळी ठेवावी, तिथे मोटारी उभ्या राहू देऊ नयेत आणि आतले रस्ते खड्डेमुक्त करावेत.

सायकलवरून शाळेत जाणाऱ्या मुलांची फुफ्फुसे अजून वाढत आहेत. त्यांच्या वाट्याला चांगली हवा यावी, हे पाहणे मोठ्यांचे काम आहे.