जोखीम कोणाच्या माथी?

विजेवर चालणारी मोटार ही आता नवलाची वस्तू राहिलेली नाही. तिची हिरवी पाटी पुण्या-मुंबईच्या मार्गावर पदोपदी दृष्टीस पडते. राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये संमत केलेल्या धोरणाने मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग व अटल सेतू येथे तिला पथकर माफ केला आणि महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचा संकल्प सोडला. हे सर्व स्वागतार्ह आहे. तथापि मोटार दारी आल्यावर मालकापुढे जो प्रश्न पहिल्या महिन्यातच उभा राहतो, तो पथकराचा नसतो. कंपनीने दिलेल्या चार्जरखेरीज अन्य कोणाचा चार्जर वा अडॅप्टर आपण लावावा काय, आणि लावल्यावर काही जळाले तर भरपाई कोणी करावी, हा तो प्रश्न होय. सोसायटीच्या तळमजल्यापासून धाब्यापर्यंत त्याची चर्चा चालते, आणि अधिकारवाणीने उत्तर देणारा कोणी भेटत नाही. मोटार विकणारा म्हणतो, 'दुसऱ्याचे काही लावाल तर वॉरंटी गेली म्हणून समजा.' बाजारातला दुकानदार म्हणतो, 'साहेब, शेकडो लोक नेतात, आजवर एकाचीही तक्रार नाही.' दोघांनाही आपापला माल खपवायचा आहे, हे ध्यानात घेऊनच दोघांचे ऐकले पाहिजे.

प्रथम 'परका' या शब्दाचाच विचार करू. हमरस्त्यावर जी शीघ्र चार्जिंगची यंत्रे उभी आहेत, त्यांतील बहुतेक मोटार बनविणाऱ्या कंपनीची नसतातच. ती तेल कंपन्यांची, वीज कंपन्यांची वा स्वतंत्र व्यावसायिकांची असतात. केंद्र सरकारने एप्रिल २०१८ मध्ये असा खुलासा केला की, मोटारीला वीज भरून देणे ही विजेची विक्री नसून सेवा आहे. त्यामुळे हा व्यवसाय परवान्यावाचून कोणासही खुला झाला. म्हणजे परक्याचा चार्जर वापरणे हा अपवाद नव्हे. प्रवासाला निघालेल्या माणसाचा तो नित्याचा व्यवहार आहे. त्यात भिण्यासारखे फारसे काही नाही, याचे कारण या यंत्रांच्या रचनेतच आहे. गन मोटारीला लावल्यावर आधी दोन्ही बाजूंचे संभाषण होते. किती व्होल्ट हवेत, किती अँपिअर चालतील, हे मोटार सांगते, आणि यंत्र तेवढेच देते. विद्युत्-रोधनाची तपासणी झाल्यावाचून प्रवाह सुरू होत नाही, आणि मोटारीने 'पुरे' म्हणताच तो थांबतो. १२० किलोवॅटचे यंत्र लावले म्हणून ५० किलोवॅटच पेलणारी बॅटरी फुटेल, ही समजूत निराधार आहे. घागर मोठी असली तरी माप मोटारीच्याच हाती असते.

धोका आहे तो या दोघांच्या मध्ये तिसरी वस्तू येते तेव्हा. पदार्थविज्ञानाचा तास घेण्याचा आमचा मानस नाही. परंतु खडू हाती धरण्याची जुनी सवय सहजी सुटत नाही, तेव्हा वाचकांनी क्षमा करावी. तारेत अथवा सांध्यात जी उष्णता निर्माण होते, ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एखाद्या सांध्याचा रोध अवघा एक सहस्रांश ओहम धरला आणि त्यातून १५० अँपिअर प्रवाह गेला, तर तेथे साडेबावीस वॅट उष्णता निघते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातातील डाग देण्याच्या हत्याराइतकी. प्रवाह ३०० अँपिअर झाला की ती दुप्पट न होता चौपट, म्हणजे ९० वॅट होते, आणि तीही बोटाएवढ्या पितळी वा तांब्याच्या खुंटीत. आता अडॅप्टर लावला म्हणजे एका सांध्याचे दोन सांधे झाले. त्यांतील एकाचे तापमान मोजणारा संवेदक मोटारीत असतो, दुसऱ्याचे मोजणारा गनमध्ये. परंतु अडॅप्टरच्या पोटात जे काही तापते त्याची खबर त्याच्या निर्मात्याने स्वतंत्र सोय केली असेल तरच लागते. स्वस्त मालात हीच सोय पहिल्याने वगळली जाते, कारण ती बाहेरून दिसत नाही.

कुलपाची गोष्टही अशीच. चार्जिंग चालू असता गन उपटली जाऊ नये म्हणून तिला कडी लागते. मोटारीची कडी अडॅप्टरला धरून ठेवते. अडॅप्टर आणि गन यांच्यातील पकड मात्र अडॅप्टर करणाराच्या प्रामाणिकपणावर अवलंबून राहते. एकदिश प्रवाह वाहत असताना तो सांधा सुटला तर ठिणगी पडून विझत नाही, ज्वाळेसारखी ताणली जाते. घरातला प्रवाह सेकंदाला शंभरदा शून्यावर येतो, म्हणून ठिणगी मरते. एकदिश प्रवाहाला तो विसावा ठाऊक नाही. शिवाय दोन प्रकारच्या जोडण्यांची भाषाच भिन्न असेल, तर मधल्या वस्तूला दुभाष्याचे काम करावे लागते, आणि दुभाष्या कच्चा असला म्हणजे काय घडते हे सांगावयास नको.

महामार्गावरील यंत्राची एवढी चर्चा होते. परंतु आमच्या मते खरा धोका घरच्या भिंतीपाशी आहे. १६ अँपिअरच्या तीन छिद्रांच्या सॉकेटवर मोटार रात्रभर लावून ठेवली जाते. त्याच सॉकेटवर गीझर पंधरा-वीस मिनिटे चालतो, मोटार मात्र दहा-बारा तास तितकाच प्रवाह ओढीत राहते. त्यातच पार्किंगच्या जागेपर्यंत तार पोचत नाही म्हणून मध्ये एक्स्टेंशन बोर्ड येतो. याहूनही भयंकर असा एक 'उपाय' अनेक ठिकाणी सर्रास केला जातो. चार्जर सुरू होण्यापूर्वी अर्थिंग तपासतो, आणि ते नसेल तर वीज घेण्याचे नाकारतो. जुन्या इमारतींत अर्थिंग नुसते नावाला असते. मग वायरमन प्लगाच्या आतच न्यूट्रल आणि अर्थ यांची टोके जोडून देतो; तयार प्लगही मिळतो. चार्जरवरचा दिवा हिरवा होतो, मालक वायरमनला चहा पाजतो. पुढे कधी न्यूट्रलची तार सैल होऊन सुटली, तर मोटारीच्या पत्र्यालाच वीज येते, आणि पावसाळ्यात ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या ज्या पोराने दाराला हात लावला, त्याचा यात काही अपराध नसतो.

लोक असे का करतात, हे न पाहता त्यांना नुसते बेजबाबदार ठरविणे सोपे आहे. २०१७ साली सरकारने 'भारत' नावाने जी चार्जर-मानके ठरविली, त्यांतील शीघ्र चार्जर १५ किलोवॅटचा, ७२ व्होल्टच्या लहान गाड्यांसाठी व चिनी धाटणीच्या जोडणीचा होता. डिसेंबर २०१८ च्या सूचनांनी प्रत्येक सार्वजनिक केंद्रावर युरोपी, जपानी व भारतीय अशा सर्व प्रकारांची यंत्रे ठेवण्यास सांगितले. ऑक्टोबर २०१९ मध्ये ती सक्ती उठवून निवड व्यावसायिकावर सोपविण्यात आली. २०२० पासून खाजगी ग्राहकांसाठी ज्या मोटारी मोठ्या संख्येने आल्या, त्या 'सीसीएस-टू' ही युरोपी जोडणी घेऊन, आणि बाजार तिकडे वळला. हा निर्णय अखेरीस योग्यच ठरला, हे आम्ही मान्य करतो. परंतु अडीच-तीन वर्षांत तीनदा दिशा बदलली त्याचा भुर्दंड पहिल्या फळीतील मालकांना पडला. ७२ व्होल्टच्या त्या गाड्यांना आजचे महामार्गावरील यंत्र कोणत्याही साध्या अडॅप्टरने जोडता येत नाही, कारण ते यंत्र सहसा दीडशे-दोनशे व्होल्टच्या खाली उतरतच नाही. तसले अडॅप्टर विकू पाहणारा ग्राहकाला फसवीत आहे, हे निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे.

अमेरिकेत हाच प्रश्न निराळ्या रीतीने हाताळला गेला. तेथे टेस्ला कंपनीने आपली जोडणी नोव्हेंबर २०२२ मध्ये इतरांस खुली केली, आणि मे २०२३ मध्ये फोर्डने व पाठोपाठ इतरांनी ती स्वीकारली. जुन्या गाड्यांचे काय, हा प्रश्न आलाच. फोर्डने २०२४ मध्ये आपल्या ग्राहकांना स्वतःच्या नावाने अडॅप्टर दिले, आरंभी विनामूल्य. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांतील काहींत दोष असण्याचा संभव दिसला, तेव्हा ते वापरू नका, परत पाठवा, बदलून देतो, असे कंपनीने कळविले. म्हणजे कंपनीचा माल निर्दोषच असतो असे नव्हे; दोष निघाल्यावर ज्याच्याकडे बोट दाखविता येईल असा कोणी तेथे होता, हा मुख्य भेद. आपल्याकडच्या बाजारातील बिननावाच्या अडॅप्टरला ना निर्माता सापडतो, ना परत मागविण्याची वाट.

वॉरंटीच्या धाकाविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. बॅटरीची हमी बहुधा आठ वर्षे वा एक लाख साठ हजार किलोमीटरची असते, आणि मोटारीच्या किमतीचा फार मोठा हिस्सा त्या एका वस्तूत असतो. ती हमी 'अन्य साधन वापरल्यास रद्द' अशा एका ओळीने संपविता यावी काय? अमेरिकेतील १९७५ चा हमीविषयक कायदा कंपनीला सर्वसाधारणतः तसे करू देत नाही. आपल्या देशातही या विचाराला आधार आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना सुट्या भागांच्या बाबतीत दोषी धरून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड केला, तेव्हा हेही सांगितले की, बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने सरसकट हमी रद्द करता येणार नाही. त्या कामामुळे जेवढे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. त्या आदेशावर पुढे अपिले झाली, दंडाचे चित्र बदलले. परंतु त्यातील तत्त्व आम्हांस न्याय्य वाटते, आणि चार्जर व अडॅप्टर यांनाही ते लागू व्हावे.

भारतीय मानक ब्यूरोची या विषयावर आय. एस. १७०१७ ही मानकमालिका आहे. कागदावरचे मानक दुकानाच्या फळीवर पोचले की नाही, हे पाहणारे निरीक्षक किती आहेत? ज्या केबलवर, ज्या चार्जरवर मानकाची खूण नाही, त्याच्या विक्रेत्याला, मग तो गल्लीतला असो वा घरपोच माल धाडणारा असो, जाब विचारला गेला पाहिजे. कंपन्यांनी 'दुसऱ्याचे लावू नका' हा उपदेश थांबवून कोणती साधने चालतात त्यांची यादी पुस्तिकेत, आणि ती मराठीतून, छापावी. आणि सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या कार्यकारी मंडळांना आमचे सांगणे असे की, घरी व कचेरीत चार्जिंग करण्याची मुभा २०१८ पासून केंद्राच्या सूचनांत आहे. सभासदाने स्वतंत्र मीटर, योग्य जाडीची तार, गळती ओळखणारा ब्रेकर व खरे अर्थिंग यांसह जोडणी मागितली, तर 'आगीची भीती' म्हणून वर्षभर अर्ज दाबून ठेवू नये. तो अर्ज फायलीत पडून राहतो, तेव्हा त्याच सभासदाची तार चौथ्या मजल्याच्या खिडकीतून खाली लोंबू लागते, आणि सेक्रेटरी ती रोज पाहत असतात.