चातुर्मासातील तप आणि ‘लघवीची गोळी’



दोन वर्षांपूर्वीच्या पर्युषणात धर्मापुरीस माझ्या थोरल्या बंधूंनी अठाईचे पच्चक्खाण घेतले. वय ७२, रक्तदाबाचा विकार जुना, गोळी नियमित. उकळलेल्या पाण्यावर चार दिवस उत्तम गेले. पाचव्या दिवशी दुपारी त्यांनी मुलाला एकच प्रश्न तीन वेळा विचारला आणि उठताना त्यांचा तोल गेला. तपाचा थकवा असेल, असे घरच्यांना वाटले. साता विचारावयास आलेल्यांनी “पाणी भरपूर घ्या, तीनच दिवस उरले” असा धीर दिला. वहिनींना मात्र ते लक्षण बरे वाटले नाही. हट्ट धरून त्यांनी बंधूंना अंबाजोगाईस हलविले. रक्तातील सोडियम ११८ निघाले. ते १३५ ते १४५ असावयास हवे. “लघवी वाढविणारी गोळी चालू आहे का?” असे डॉक्टरांनी विचारले, तेव्हा सर्वांनी एकमुखाने नाही म्हटले. गोळीच्या पाकिटावर नावापुढे ‘एच’ हे अक्षर छापलेले होते आणि इतकी वर्षे ते आम्ही कोणीच वाचले नव्हते.

हा ‘एच’ म्हणजे हायड्रोक्लोरोथायाझाइड. काही गोळ्यांवर ‘सीटी’ किंवा ‘सीएच’ असते. ते बहुधा क्लोरथालिडोन. दोन्ही औषधे मूत्रल आहेत, रक्तदाबाच्या दुसऱ्या औषधासोबत एकाच गोळीत बसविलेली. मूत्रपिंडाकरवी ती शरीरातील मीठ बाहेर टाकतात आणि मिठामागोमाग पाणी जाते. उपवासात अन्नातून येणारे मीठ संपूर्ण थांबते, गोळी मात्र आपले काम करीत राहते. वरून नुसते पाणी पुष्कळ घेतले, तर उरलेले सोडियम आणखी पातळ होते. म्हणजे त्या दिवशी आम्ही प्रेमाने दिलेला सल्लाच घातक ठरत होता.

यावरून ही औषधे वाईट, असा ग्रह मात्र कोणी करून घेऊ नये. १९५८ साली क्लोरोथायाझाइड बाजारात येण्यापूर्वी अंगावरची सूज उतरविण्यासाठी पाऱ्याची इंजेक्शने द्यावी लागत. पुढे अमेरिकेत ३३ हजारांहून अधिक रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला. २००२ साली त्याचे निष्कर्ष आले, तेव्हा जुने आणि स्वस्त क्लोरथालिडोन नव्या, महागड्या औषधांपुढे उणे पडले नाही. स्वस्त माल हलकाच असतो, हा आपल्या पेठेतील समज येथे खोटा ठरतो.

हृदय, यकृत किंवा मूत्रपिंडाच्या विकाराने अंगावर पाणी चढते, तेव्हा फ्युरोसेमाइड वा टोरसेमाइड ही अधिक जोरकस औषधे देतात. त्यांची गोष्ट निराळी. हृदयाचा रुग्ण तपासाठी म्हणून ती परस्पर बंद करील, तर पाणी फुप्फुसांत साचून रात्रीत धाप लागू शकते. अशा रुग्णाने रोज सकाळी लघवीनंतर, काही खाण्यापूर्वी, एकाच काट्यावर वजन करून वहीत मांडावे. तीन दिवसांत २ किलो वाढले, तर ती चरबी नव्हे, पाणी आहे. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. दुकानाची रोकड रोज जुळविणाऱ्या घरात ही वही अवघड नाही.

पायाला दिसणारी प्रत्येक सूज अंगावर चढलेल्या पाण्याची नसते. रक्तदाबाच्या अॅम्लोडिपिन या औषधानेच पुष्कळांचे घोटे सुजतात आणि त्या सुजेवर लघवीच्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही. तरीही शेजाऱ्याची गोळी मागून घेणारे किंवा मेडिकलवरून परस्पर आणणारे मी पाहिले आहेत. गुडघेदुखीसाठी आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक घेणाऱ्यांनीही सावध असावे. मूत्रल औषधासोबत ती मूत्रपिंडास इजा करू शकतात, आणि उपवासात तर अधिकच.

आता पोटॅशियमविषयी. बहुतेक मूत्रल गोळ्यांनी ते घटते. पायांत गोळे येतात, छातीत धडधडते. तिथीस हिरवी भाजी वर्ज्य असली तरी मूग, चणाडाळ, खजूर यांतून ते मिळते. पण स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांत उलट ते वाढते. त्यांनी बाजारातील ‘कमी सोडियमचे’ मीठ विचारल्यावाचून वापरू नये. त्यात पोटॅशियम क्लोराइड असते.

आपल्या आचारातील काही गोष्टी या औषधांस फार अनुकूल आहेत. सकाळी नवकारसीनंतर गोळी घेतली की रात्री वारंवार उठावे लागत नाही. दुसरी मात्रा असेल, तर ती दुपारी चारपूर्वी घ्यावी, म्हणजे चौविहारास बाधा नाही. फक्त सूर्यास्ताच्या आधी एकदम तांब्याभर पाणी पिण्याची सवय हृदयरुग्णाने सोडावी आणि ठरवून दिलेले पाणी दिवसभरात विभागून घ्यावे. दिगंबर परंपरेत रसपरित्यागात मीठही येते. एरवी पापड, लोणचे, शेव यांतून आपण मीठ जमा करीत राहावे आणि गोळीने ते काढीत राहावे, हा व्यवहार माझ्यासारख्या बँकेतील माणसास तरी मुळीच पटत नाही. दिवसाला सर्व मिळून ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे लहान चमचाभर मीठ पुरे. मात्र गोळी चालू असताना दिवसेंदिवस पूर्ण अळणी आहार डॉक्टरांस सांगितल्याशिवाय करू नये.

अठाई, मासखमण किंवा वर्षीतप धरण्यापूर्वी, आणि वर्षीतपात तर आपल्या मराठवाड्यातील वैशाखही येतो, रक्तातील सोडियम, पोटॅशियम व क्रिएटिनिन तपासून घ्यावे आणि गोळी तशीच ठेवायची, कमी करायची की बदलायची, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. जुलाब वा उलट्या झाल्यास पुन्हा विचारावे. भ्रम, तोल जाणे, अतिशय सुस्ती दिसल्यास वाट पाहू नये. पच्चक्खाणातच सर्वसमाधीचा आगार ठेवलेला आहे. देह व्याकूळ होऊन समाधी ढळत असेल, तर औषध घेतल्याने व्रत मोडत नाही. बंधूंना हे रुग्णालयात सांगितले, तरी ते दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. अठाई अपुरी राहिल्याचे शल्य त्यांना आजाराहून मोठे होते. शेवटी महाराजसाहेबांचा निरोप आला, तेव्हा कोठे त्यांनी मुगाचे पाणी घेतले.

गेल्या चातुर्मासात त्यांनी बियासणे केली. डॉक्टरांनी ‘एच’ची गोळी बदलून दिली आहे, नव्या पाकिटावरची अक्षरे वहिनी चष्मा लावून वाचतात आणि मगच गोळी त्यांच्या हातावर ठेवतात.